पेनड्राइव्ह लावून जुना लॅपटॉप पळायला लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांचं तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिथला लॅपटॉप २०१४ चा, आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, वर विंडोज १०. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, क्रोम उघडलं की हँग होतो आणि सातबारा काढायला आलेलं गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं राहतं. चुलतभावाने एक व्हिडिओ दाखवला, की १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावून ‘रेडीबूस्ट’ चालू केलं की ४ ची रॅम २० होते. पेनड्राइव्ह आणून ठेवलाय. लावू का? नव्या लॅपटॉपला सध्या पैसे नाहीत.

लावा. काही बिघडणार नाही. पण रॅम २० होणार नाही, आणि सहा मिनिटांची साडेपाच होतील एवढंही मी छातीठोक सांगणार नाही. त्या पेनड्राइव्हचा याहून चांगला उपयोग तुमच्या हातात आहे, तो पुढे सांगतो. आधी हे रेडीबूस्ट प्रकरण नीट बघू, कारण ती थाप नाहीये. खरी गोष्ट आहे, फक्त दुसऱ्याच काळातल्या दुसऱ्याच दुखण्यावरचं औषध आहे.

तुमच्या दुकानाचंच उदाहरण घ्या. समोरचं काउंटर म्हणजे रॅम. ज्या कागदावर आत्ता काम चाललंय तो काउंटरवर असतो. माळ्यावरचं कपाट म्हणजे हार्डडिस्क. सगळे कागद तिथे, पण प्रत्येक वेळी शिडी लावून वर चढायचं. काउंटर भरलं की काही कागद वर नेऊन ठेवावे लागतात आणि लागले की पुन्हा उतरवावे लागतात. मशीन ‘हँग’ झालं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा बिचारं शिडीवर असतं. रेडीबूस्ट म्हणजे काउंटरखालचा एक खण. माळ्यावरचे जे कागद वारंवार लागतात, त्यांच्या झेरॉक्स प्रती त्या खणात ठेवायच्या, म्हणजे शिडीच्या काही फेऱ्या वाचतात. खण केवढाही मोठा घेतला तरी काउंटर तेवढंच राहतं. व्हिडिओवाल्याने खणाचं माप काउंटरच्या मापात मिळवलं आणि २० जीबी सांगून मोकळा झाला.

आता शिडीला नेमका किती वेळ लागतो ते आकड्यांत बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. लॅपटॉपमधल्या हार्डडिस्का बहुतेक ५४०० आरपीएमच्या. म्हणजे तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, सेकंदाला ९०. एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि सुईलाच योग्य पट्ट्यावर सरकायला दहा-बारा. एक तुकडा उचलायला सोळा-सतरा मिलिसेकंद गेले. सेकंदाला झाले जेमतेम साठ तुकडे. विंडोज सुरू होताना किंवा क्रोम उघडताना हजारो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेल्या जागांवरून उचलायचे असतात, त्यातले बरेच ४ केबीचे. साठ गुणिले चार, सेकंदाला २४० केबी. हीच डिस्क एक सलग मोठी फाइल मात्र सेकंदाला ८०-१०० एमबी वेगाने वाचते. म्हणून सिनेमा विनातक्रार चालतो आणि क्रोम उघडताना घाम फुटतो.

पेनड्राइव्हमध्ये काही फिरत नाही, त्यामुळे बारीक तुकडा मिलिसेकंदाच्या आत हाताशी येतो. पण सलग वाचनात, विशेषतः यूएसबी २ च्या पोर्टवर, तो सेकंदाला ३० एमबीच्या आसपास अडकतो. तिथे डिस्कच वरचढ. रेडीबूस्ट लिहिणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं होतं. बारीक, विखुरलेलं वाचन आलं की पेनड्राइव्हवरून आणि मोठं सलग वाचन आलं की डिस्कवरून, अशी वाटणी विंडोज स्वतः करतं. डोकेबाज काम आहे, मला आजही आवडतं.

हे आलं विंडोज व्हिस्टाबरोबर, बाजारात २००७ च्या सुरुवातीला. तेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनना ५१२ एमबी रॅम असायची, एक जीबी असली की गिऱ्हाईक मिरवायचं. व्हिस्टाला तेवढी पुरायची नाही. काउंटर इतकं अरुंद की प्रत्येक कागदाला शिडी. अशा मशीनवर खणाचा उपयोग खरंच जाणवायचा. पुढे नेटबुक नावाची छोटी खेळणी आली, एक जीबी रॅम आणि १६० जीबीची डिस्क, तिथेही मी रेडीबूस्ट लावून दिलेत आणि वर्डमधून ब्राउझरमध्ये जाताना होणारी खरखर कमी झालेली कानांनी ऐकली आहे. रॅम दोन जीबीच्या पुढे गेली की फरक शोधावा लागायचा, आणि शोधावा लागणारा फरक गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फरक नसतोच.

विंडोज कुठलाही पेनड्राइव्ह स्वीकारतं असंही नाही. निदान २५६ एमबी मोकळी जागा, ४ केबीचे विखुरलेले तुकडे सेकंदाला २.५ एमबी वेगाने वाचता यायला हवेत आणि ५१२ केबीचे १.७५ एमबी वेगाने लिहिता यायला हवेत, अशी मूळ अट होती. ऐकायला किरकोळ वाटते, पण त्या काळचे निम्मेअधिक स्वस्त पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर या परीक्षेत आपटलेत. व्हिस्टात ४ जीबीच्या वर वापरता येत नसे. विंडोज ७ पासून एका पेनड्राइव्हवर ३२ जीबीपर्यंत आणि एका वेळी आठ पेनड्राइव्ह चालतात. आठ लावलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

‘बिघडणार नाही’ असं वर म्हटलं, त्याचं कारण असं की पेनड्राइव्हवर फक्त प्रती असतात. प्रत्येक गोष्टीची मूळ प्रत हार्डडिस्कवर असतेच. चालू मशीनमधून कुणी पेनड्राइव्ह ओढून काढला तरी विंडोज गुपचूप डिस्ककडे वळतं, एक अक्षर जात नाही. त्या प्रती दाबून, कुलूपबंद करून ठेवलेल्या असतात. उद्या पेनड्राइव्ह चोरीला गेला तरी तुमच्याकडे फॉर्म भरायला आलेल्यांचे आधार क्रमांक त्यातून कुणाला वाचता येणार नाहीत. तुमच्या दुकानासाठी हे महत्त्वाचं आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग तुमच्या मशीनला याचा फायदा का नाही? तुमची पहिली तक्रार मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाची आहे. सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यात यूएसबीचा ड्रायव्हरच चढलेला नसतो, तोवर पेनड्राइव्हला कुणी विचारत नाही. शिवाय ज्या किल्लीने त्या प्रती कुलूपबंद होतात, ती मूळ रचनेत दर वेळी मशीन सुरू होताना नवी बनते. म्हणजे काल रात्रीचा भरलेला खण आज सकाळी उघडत नाही, तो पुन्हा भरायचा. सहा मिनिटांतली बहुतेक मिनिटं तशीच राहणार.

दुसरी तक्रार क्रोमची. चार जीबीत विंडोज १० स्वतःच दीड-दोन जीबी घेऊन बसतं. उरलेल्यात क्रोम, एक सरकारी पोर्टल, एक व्हॉट्सॲप वेब, एक पीडीएफ, आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर कोपऱ्यात बसलेलं. काउंटर भरलं की विंडोज काही कागद माळ्यावर नेऊन ठेवतं. हे ठेवणं डिस्कवरच होतं, रेडीबूस्ट असो वा नसो. परत आणताना कदाचित खणातून मिळेल. म्हणजे चढताना शिडी आहेच, उतरताना वाचली तर वाचली. अपडेट आणि ॲन्टिव्हायरस यांचं तर सोडूनच द्या. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा चाळतात, खणातल्या चार कागदांचं त्यांना काय!

दुसऱ्या एका युक्तीपासून मात्र सावध राहा, कारण रेडीबूस्टचा व्हिडिओ संपला की पुढचा तोच सुरू होतो. ‘व्हर्च्युअल मेमरी पेनड्राइव्हवर हलवा.’ व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काउंटर भरल्यावर कागद नेऊन ठेवायची माळ्यावरची जागा. हे करू नका. तिथे प्रती नसतात, मूळ कागदच पेनड्राइव्हवर जातात. कुणाचा धक्का लागून तो निघाला तर मशीन जागच्या जागी कोसळतं. आणि पेनड्राइव्हला वाचायला सोपं, लिहायला फार जड. त्यातली चिप एका जागेवर थेट दुसरं लिहू शकत नाही, आधी अख्खा मोठा ठोकळा पुसावा लागतो आणि मग लिहायचं. चार ओळी बदलायला पूर्ण फळा पुसून पुन्हा लिहिण्यासारखं. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये हे सांभाळणारा कंट्रोलरही स्वस्तातलाच. तो तापतो, अडखळतो, आणि सतत बारीक लिखाण चालू राहिलं तर लवकर मान टाकतो.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा तीच आठवली. दुकान टाकून चार-पाच वर्षं झाली होती. एक मास्तर मशीन घेऊन आले, ‘फार स्लो झालंय हो.’ मी रॅम बघितली, एक जीबी. ४ जीबीचा पेनड्राइव्ह विकला, रेडीबूस्ट चालू करून दिलं, मशीन जरा हललं, मास्तर खूश, मीही खूश. बारा दिवसांनी ते परत आले. डिस्क गेली होती. सुरू केलं की टक्, टक्, टक्, आणि काळा पडदा. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्यावर, दुसरी प्रत कुठे नाही. मशीन स्लो झालं होतं ते रॅममुळे नव्हतंच, डिस्क मरायला टेकली होती म्हणून. ती एकच तुकडा दहा-दहा वेळा वाचायचा प्रयत्न करत होती, आणि मी तिच्याशेजारी खण बसवून दिला. डिस्कची तब्येत बघायला पाच मिनिटं लागली असती. मास्तर मला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर दुकानाची पायरीही चढले नाहीत.

तेव्हापासून ‘स्लो’ हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, मशीन नेमकं कशाची वाट बघत बसलंय? हे तुम्हाला घरबसल्या बघता येतं. मशीन सुरू करून, ते स्लो असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. तुमच्या वर्णनावरून मला जे दिसायची दाट शक्यता वाटते ते असं: सीपीयू वीस-तीस टक्के, मेमरी ऐंशीच्या आसपास आणि डिस्क १००, लालभडक. आता ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. खाली ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असा आकडा असतो, तो बघा. डिस्क कामात असताना तो दहा-वीस, अगदी पन्नास मिलिसेकंदही चालून जातो. शेकड्यांत असेल, मधूनच हजाराच्या पुढे उडी मारत असेल, आणि तेव्हा वाचनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबी दाखवत असेल, तर शिडी मोडायला आली असं समजा. तिथेच ‘मेमरी’वर क्लिक केलंत की रॅमच्या दोन खाचांपैकी किती भरल्यात तेही दिसतं. तो आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर टाका. उघडल्या उघडल्या वर रंग दिसतो: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. यादीत ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी बघा. शेवटच्या रकान्यात नुसती शून्यं असतील तर उत्तम. पहिल्या ओळीत काही आकडा असेल तर डिस्कने खराब जागा सोडून राखीव जागा वापरायला घेतलीय. दुसऱ्या ओळीत असेल तर काही जागा तिला वाचताच येत नाहीयेत. हे आकडे सहसा सोळाच्या हिशोबात दाखवले जातात, त्यामुळे मधे ए, बी, सी अशी अक्षरं दिसली तर गोंधळू नका. शून्य आहे की नाही, एवढंच बघायचंय.

पिवळा किंवा लाल दिसला तर त्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हचं पहिलं काम ठरलं: दुकानाचा हिशोब, घरचे फोटो, गिऱ्हाइकांची अर्धवट राहिलेली कामं त्यावर उतरवून घ्या. सगळं मावलं नाही तर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. आणि कुणी म्हणालं की ‘चेकडिस्क मार, डिस्क नीट होते’, तर फाइली निघेपर्यंत थांबा. चेकडिस्क अख्खी डिस्क घासून काढतं. आजारी माणसाला धावायला लावून त्याची तब्येत तपासण्यातला प्रकार.

त्याआधी पेनड्राइव्ह खरा आहे का तेही बघा. बाजारात १६ छापलेले पण आत ४ च असलेले पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. भरत जातो, एररही येत नाही, उघडायला गेलं की फाइल रिकामी. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम तो पूर्ण भरून परत वाचून बघतो. रात्री लावून झोपा. बॅकअप घेण्याआधी हे करायचं, नंतर नाही.

पेनड्राइव्हचं दुसरं काम मला जास्त आवडतं. बॅकअप दुसरीकडे हलवून झाला की त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाका. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम. रूफस नावाच्या प्रोग्रॅमने हे दहा मिनिटांत होतं, पण पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो हे ध्यानात ठेवा. मग लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा. त्यासाठी सुरुवातीला एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, कंपनीनुसार वेगळं बटण दाबावं लागतं. इन्स्टॉल काही करायचं नाही, नुसतं चालवून बघायचं. आता मशीन हार्डडिस्कला हातही न लावता चाललंय. प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा उघडताना वेळ लागेल, कारण पेनड्राइव्ह आहे. पण दुसऱ्यांदा उघडली की कशी उघडते ते बघा. फायरफॉक्समध्ये तुमचं ते पोर्टल उघडा, दोन-तीन टॅब ठेवा. मशीन व्यवस्थित चाललं तर प्रोसेसर ठीक, रॅम ठीक, मदरबोर्ड ठीक. दोष डिस्कचा किंवा विंडोजचा. इथेही हँग झालं, बंद पडलं, पंखा केकाटायला लागला, तर मामला वेगळा आहे, आणि एसएसडीवर (तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कवर) पैसे घालण्याआधी कुणाकडून तरी मशीन उघडून धूळ आणि प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, बघून घ्या. माझ्या अनुभवात दहातली सात-आठ मशीन या परीक्षेत पास होतात.

मग सगळं लिनक्सवरच का नेऊ नये? काही लोकांना मी तेच करून दिलंय आणि ते सुखात आहेत. तुमच्या दुकानात मात्र विचारून करा. जुने अर्ज आणि पत्रं श्रीलिपीत टाइप केलेली असतील तर ती तिथे उघडताना वैताग येईल. टॅली असेल तर तोच प्रश्न. प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर मिळतात की नाही, हे मॉडेल कळल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

लिनक्सवर मशीन पास झालं असं धरून पुढचं सांगतो. नवा लॅपटॉप नको, एक साधी २.५ इंची, साटा जोडणीची (जुन्या डिस्कच्याच खाचेत बसणारी) एसएसडी घ्या, २४०-२५६ जीबीची. शिडीचे सोळा-सतरा मिलिसेकंद मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येतात. सेकंदाला साठ तुकडे उचलणारं मशीन हजारोंनी उचलायला लागतं. सहा मिनिटांचं सुरू होणं अर्ध्या मिनिटाच्या आसपास येताना मी इतक्या वेळा बघितलंय की आता गिऱ्हाइकाला समोर बसवूनच पहिल्यांदा चालू करतो, तो चेहरा बघायला. भाव दर महिन्याला हलतात म्हणून आकडा लिहीत नाही, दोन दुकानांत विचारा. जुनी वापरलेली एसएसडी मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिचं किती आयुष्य उरलंय ते विकणारा सांगणार नाही.

बसवणं अवघड नाही, पण एकदोन बारकावे आहेत. लॅपटॉपमधली जुनी डिस्क बहुधा ९.५ मिलिमीटर जाडीची असते आणि एसएसडी ७ ची, त्यामुळे ती खाचेत डुगडुगते. डब्यात प्लॅस्टिकची चौकट आली असेल तर ती लावा, फेकू नका. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरून ठेवणारा साचा, बसवून जुनी डिस्क तिथे ठेवता येते, अर्थात ती निळी असेल तरच. कॅडी १२.७ आणि ९.५ अशा दोन जाड्यांत येते. बाजारात जाण्याआधी ड्राइव्ह बाहेर काढून पट्टीने मोजा. मी एकदा न मोजता कॅडी आणली आणि ती बदलायला परत गेलोय. विंडोजच्या लायसन्सची काळजी करू नका. ते मदरबोर्डच्या ओळखीवर नोंदलेलं असतं, त्यामुळे पूर्वी ॲक्टिव्हेट असलेलं विंडोज १० डिस्क बदलून नव्याने टाकलं तरी इंटरनेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. डिस्क खराब नसेल तर क्लोन, म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, करता येईल, पण दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? मी कोरं विंडोज टाकतो.

रॅमचं माझं मत असं की एसएसडी आधी, रॅम नंतर. पैसे दोन्हींना पुरत असतील तर दोन्ही. एसएसडी आली की काउंटर तेवढंच राहतं, पण शिडीच्या जागी हाताला येणारं फडताळ येतं, त्यामुळे ४ जीबीची अडचण बरीच झाकली जाते. पूर्ण जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये दोनपैकी एकच खाच भरलेली दिसली असेल तर ४ जीबीची आणखी एक पट्टी घाला. तुमच्या काळातल्या आय-थ्रीला बहुधा डीडीआर-३-एल लागते, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर-३ १.५ व्होल्टची असते, दिसायला हुबेहूब तशीच, खाचेत बसतेही, पण मशीन सुरू होत नाही. जुनी पट्टी काढून सोबत न्या, तिच्यावरच्या स्टिकरवर ‘पीसी-३-एल’ लिहिलेलं असेल. रॅम वापरून झिजत नाही, त्यामुळे जुन्या बाजारातली, तपासून दिलेली घ्यायला हरकत नाही. पट्टी काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा आणि भुगा झटका. निम्मी ‘बंद पडलेली’ मशीन मी याच खोडरबरावर सुरू केली आहेत.

एक गोष्ट मात्र एसएसडीनेही सुटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. २०१४ ची तुमची आय-थ्री चौथ्या पिढीची असेल, फार तर. दुकानात लोकांची कागदपत्रं आणि पैशांचे व्यवहार आहेत, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून घ्या. ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. म्हणून मी म्हणतो, या मशीनवर एसएसडी आणि जमली तर ती रॅमची पट्टी, याहून जास्त खर्च करू नका. एसएसडी उद्या काढून दुसऱ्या मशीनलाही लावता येते, हा तिचा आणखी एक फायदा.

आणि तरीही रेडीबूस्ट करून बघायचंच असेल, तर डिस्क निळी आहे याची खात्री झाल्यावर, पेनड्राइव्ह आतून निळ्या असलेल्या, म्हणजे वेगवान यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये लावून, त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रेडीबूस्ट. वापरू द्यायची जागा रॅमच्या एक ते अडीच पट, म्हणजे तुमच्या बाबतीत ४ ते १० जीबी. एक दिवस दुकानात नेहमीचं काम करा आणि घड्याळ लावून बघा. पटलं तर राहू द्या. एसएसडी बसल्यावर हाच रकाना पुन्हा उघडलात तर विंडोज स्वतःच सांगेल की मशीन पुरेसं वेगवान आहे, याची गरज नाही.

आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी डिस्कचा रंग, त्या दोन ओळींतले आकडे आणि रॅमच्या किती खाचा भरल्यात तेवढं बघून कळवा. लॅपटॉपचं मॉडेल खालच्या स्टिकरवर असतं, तेही लिहा, म्हणजे कॅडीची जाडी आणि रॅमचा प्रकार नेमका सांगता येईल. रंग पिवळा निघाला तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका, फोटो उतरवायला घ्या.